ठोका : इंजिनाच्या एका आवाजाचा इतिहास



वसईत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की किल्ल्याची आठवण व्हावी हे स्वाभाविकच आहे. किल्ल्याकडे मी येणार आहे, पण ओझरता. आज मला इतिहास सांगावयाचा आहे तो मोटारीच्या इंजिनातून येणाऱ्या एका आवाजाचा. त्याला कोणी नॉकिंग म्हणतात. आपले मिस्त्री ‘ठोका’ म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक पसंत आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घरातले दागिने गहाण ठेवून ज्याने जुनी रिक्षा घेतली आहे, किंवा वाडीतली फुले आणि भाजी मुंबईला पोचविण्यासाठी चार हातांतून फिरलेला टेम्पो घेण्याचे ज्याने मनात आणले आहे, त्याला तो तसा वाटणार नाही. सौदा ठरण्याच्या वेळी मालक इंजिन चालू करतो, भोवती जमलेली मंडळी माना तिरप्या करून ऐकू लागतात, आणि आतून ठक् ठक् असा आवाज येतो किंवा येत नाही. आला तर काय समजावयाचे हा एक प्रश्न. न आला तर काय समजावयाचे हा त्याहून अवघड. कारण ठोका नाहीसा करणे आणि ठोक्याचे कारण नाहीसे करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम स्वस्त असते. गॅरेजातल्या पोऱ्यापासून अमेरिकेतल्या बड्या कारखानदारांपर्यंत पुष्कळांनी तेच अधिक उत्साहाने केलेले आहे. त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, ते पाहण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊ.

प्रथम हा आवाज होतो कसा ते पाहू. सिलिंडर म्हणजे एक नळकांडे. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतो आणि पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबतो. नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून निघते व मिश्रण क्रमाक्रमाने जाळीत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. हे सारे सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकते, तरी तो स्फोट नव्हे. वणवा जसा गवतातून पुढे सरकतो तसे ते जळणे असते. आता असे समजा की दाब व उष्णता फार झाली. ज्योत अजून पोचलेली नाही, इतक्यात पलीकडच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण आपणहून एकदम पेट घेते. दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटते, आणि सेकंदाला सहा-सात हजार कंपनांचा तो नाद आपल्याला टिणटिण असा ऐकू येतो. लोखंडावर लोखंड आपटल्याचा भास होतो, पण खरोखर वाजत असतो तो आतला वायू.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने याच वसईच्या तटाखाली सुरुंग लावले होते. काही सुरुंग वेळेवर उडाले, तटाला भगदाड पडले, माणसे आत धावली. तोच मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडाला आणि आपल्याच माणसांचा घात झाला, असे त्या वेढ्याच्या हकिकतींत येते. दारू तीच होती, फक्त क्षण चुकला. इंजिनातही ज्या पेट्रोलने दट्ट्या ढकलावयाचा तेच भलत्या क्षणी पेटले की दट्ट्याचा माथा वितळविते आणि रिंगांच्या खाचा फोडते.

वाफेच्या इंजिनाला हे दुखणे नव्हते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला जाणारी गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या इंजिनात विस्तव वेगळा होता व सिलिंडर वेगळे होते. विस्तव भट्टीत जळे आणि सिलिंडरमध्ये फक्त वाफ येई. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले आणि जाळ नळकांड्याच्या आत आणला. तरी आरंभीची इंजिने मिश्रण फारच थोडे दाबीत, म्हणून ती ठोकत नसत. १८९८ साली मुंबईच्या रस्त्यांवर ज्या पहिल्या मोटारी आल्या त्यांच्या मालकांना इतर कटकटी पुष्कळ होत्या, ही मात्र फारशी नव्हती. पुढे गाड्यांना जोर हवा झाला. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके तेवढ्याच तेलात अधिक काम होते, हे यंत्रशास्त्राने सांगितलेच होते. दाब वाढविला आणि ठोका सुरू झाला. त्या काळच्या गाड्यांत ठिणगी मागेपुढे करण्याचा एक दांडा सुकाणूपाशीच असे. चढ लागला, इंजिन ठोकू लागले, की चालक तो दांडा मागे घेई. ठिणगी उशिरा पडे, दाबाचा कळस खाली येई आणि आवाज थांबे. जोर कमी होई हे खरे, परंतु चालकाचा कान आणि चालकाचा हात यांचा एकमेकांशी थेट संबंध होता.

ठोक्याचा खरा अभ्यास दोन ठिकाणी झाला. इंग्लंडात हॅरी रिकार्डो हा केंब्रिजचा विद्यार्थी प्रोफेसर हॉपकिन्सन यांच्या हाताखाली या प्रश्नाला लागला. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणे वेगळे आणि ठिणगीनंतर शेवटचा भाग आपणहून पेटणे वेगळे, हा भेद ज्यांनी स्वच्छ केला त्यांत त्याचे नाव पुढे आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्याने दाब मागेपुढे करता येईल असे एक परीक्षेचे इंजिन बांधले आणि निरनिराळी तेले त्यात जाळून कोणते तेल किती दाबाला ठोकते ते मोजले. इतके करून तो थांबला नाही. सिलिंडरच्या माथ्याचा आकारच त्याने असा बदलला की मिश्रण घुसळले जावे, ज्योत लवकर पोचावी आणि कोपऱ्यात आपणहून पेटण्यास काही शिल्लकच राहू नये. कारण दूर करणे म्हणतात ते हे.

दुसरे ठिकाण अमेरिकेतील डेटन. तेथे चार्ल्स केटरिंग याची ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ होती. त्या नावातील आद्याक्षरांचा शब्द झाला डेल्को. आपल्याकडचे जुने मिस्त्री ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला सरसकट ‘डेल्को’ म्हणत, तो हाच. ‘डेल्को फिरवून बघ’ असे म्हणणाऱ्या किती जणांना आपण ओहायोतल्या एका कंपनीचे नाव घेत आहोत याची कल्पना असेल कोण जाणे! केटरिंगने मोटारीला बॅटरीची ठिणगी व विजेचा स्टार्टर दिला, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती सोय आली. गाड्या ठोकू लागल्या तेव्हा लोकांनी खापर त्याच्या ठिणगीवर फोडले. चिडून त्याने आपला एक तरुण सहायक, थॉमस मिजली, या कामाला लावला.

मिजलीची गोष्ट मोठी मौजेची आहे, निदान आरंभी. अमेरिकेत एक रानफूल आहे, ते बर्फातूनही लवकर उमलते आणि त्याच्या पानांची पाठ लाल असते. लाल रंग उष्णता शोषून घेतो म्हणून ते लवकर फुलत असावे; मग तेलही लाल केले तर त्याची लवकर वाफ होऊन ठोका थांबेल, असा तर्क निघाला. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन टाकले. ठोका थांबला! दुसऱ्या दिवसापासून मिजलीने बाजारातले लाल रंग आणून टाकून पाहिले; एकाचाही उपयोग झाला नाही. मग रंगहीन असे आयोडीनचे संयुग टाकले, आणि ठोका पुन्हा थांबला. तर्क सपशेल खोटा, पण त्यातून सापडलेली वाट खरी. विज्ञानाच्या इतिहासात असे अपघात अनेकदा घडले आहेत. आयोडीन महाग व यंत्राला घातक, म्हणून पुढे कित्येक द्रव्ये तपासून झाली, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग सापडले. त्याचे नाव टेट्राएथिल लेड. गॅलनभर पेट्रोलला सुमारे तीन घनसेंटीमीटर एवढे थेंब पुरत.

आता लक्षात घ्या की ठोका थांबविणारे दुसरे एक द्रव्य मिजलीला आधीपासून ठाऊक होते. ते म्हणजे मद्यार्क, अल्कोहोल. मळीपासून, मक्यापासून कोणालाही गाळता येणारे. त्याचे पेटंट कोण घेणार? शिशाच्या संयुगाचे पेटंट घेता येत होते आणि तो थोडा पुरत होता. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. नाव ठेवले ‘इथिल’. नावात शिशाचा उल्लेखसुद्धा नाही. शिसे विषारी आहे हे रोमन काळापासून जगाला माहीत होते, आणि स्वतः मिजलीला त्याच सुमारास शिशाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे द्रव्य करणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. नसलेल्या माश्या ते हाताने हाकलू लागले. पाच जण दगावले, तिसांहून अधिक रुग्णालयात गेले. तरी त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांपुढे ते द्रव्य हातांवर ओतून घेतले व त्याचा वास घेऊन दाखविला. पुढल्या वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टनला परिषद भरली. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे स्वच्छ विरोध केला. काही काळ विक्री थांबली. मग एका समितीने बंदी घालण्याइतका पुरावा नाही असे सांगितले, आणि १९२६ पासून विक्री पुन्हा सुरू झाली, ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगभर चालली.

मला येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शिशामुळे लहान इंजिनातून मोठा जोर निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमाने त्याच्याच बळावर उडाली. पिस्टनच्या इंजिनांच्या छोट्या विमानांत ते पेट्रोल अजूनही वापरले जाते. गुण होताच. म्हणूनच तर दोष इतकी वर्षे झाकता आला.

याच सुमारास पेट्रोलची प्रत मोजण्याचे मापही ठरले. ग्रॅहॅम एडगर याने दोन द्रव्ये निवडली. एक आयसोऑक्टेन, जे सहसा ठोकत नाही, त्याला १००. दुसरे हेप्टेन, जे चटकन ठोकते, त्याला ०. हे हेप्टेन शुद्ध स्वरूपात मिळे ते एका पाइन वृक्षाच्या डिंकातून. आपले पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणाप्रमाणे ठोकेल, त्यातील आयसोऑक्टेनचे शेकडा प्रमाण हा त्याचा ऑक्टेनचा आकडा. पंपावर आपण वाचतो तो आकडा म्हणजे किती दाबाला तेल गप्प राहील याची हमी. तेल ‘शक्तिमान’ आहे असा त्याचा अर्थ नव्हे. साध्या, कमी दाबाच्या इंजिनात महाग पेट्रोल ओतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडे येऊ. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तेथेच फियाट तयार होऊ लागली. तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, पुढच्या अवताराला डिलाइट म्हटले गेले, आणि १९७४ पासून तीच प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, अकराशे घनसेंटीमीटरच्या आतबाहेरचे साधे चार सिलिंडरचे इंजिन. १९५४ व १९५५ साली तुर्भे-माहुलला तेल शुद्ध करण्याचे दोन कारखाने सुरू झाले; पुढे सरकारने घेतल्यावर त्यांचेच हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. त्या काळच्या पेट्रोलात शिसे असे. शिसे घालून ठोका थांबे, गाडी पुढे जाई, आणि धुरावाटे ते शिसे रस्त्याच्या कडेला चालणाऱ्यांच्या छातीत जाई. लहान मुलांच्या अंगात ते अधिक भिनते आणि बुद्धीची वाढ खुंटविते. अमेरिकेत क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९६५ साली शिशाचे हे प्रदूषण जगापुढे मांडले होते. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिशाविना पेट्रोल मिळू लागले. १९९९ साली जॉर्ज फाउंडेशनने मुंबई व इतर काही शहरांतील मुलांचे रक्त तपासले, त्यात निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपलीकडे आढळले. १ फेब्रुवारी २००० पासून सबंध देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातून ते मोटारींसाठी पुरते गेले २०२१ साली. शेवटचा देश अल्जीरिया.

शिसे गेले, पण ठोका थोडाच जातो? आपल्याकडे त्याला आणखी एक जन्मदाता होता, रॉकेल. रेशनवरचे स्वस्त रॉकेल पेट्रोलात मिसळावयाचे आणि फरकाचा पैसा खिशात घालावयाचा, हा धंदा वर्षानुवर्षे चालला. रॉकेलचा ऑक्टेनचा आकडा फारच खालचा. दहा लिटरमध्ये लिटर-दीड लिटर मिसळले तरी रिक्षा चढावर किणकिणू लागते. रिक्षावाला मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री टायमिंग मागे घेतो, आवाज बंद होतो आणि भेसळ चालू राहते. ठोका म्हणजे भेसळीची फिर्यादच होती, आणि ती आपण गॅरेजातच दाबून टाकीत होतो. या धंद्याच्या मुळाशी हात घालणाऱ्याचे काय होते ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेलाची भेसळ पकडावयास गेले आणि त्यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

इतका वेळ मी ज्याचे वर्णन केले तो वायूचा ठोका. गाडी घेणाऱ्याची पंचाईत ही की धातूचे ठोकेही जवळजवळ तसेच ऐकू येतात, आणि त्यांचा खर्च फार वेगळा असतो. पहिल्या जातीचा ठोका पाचशे-हजारात सुटेल, दुसऱ्या जातीचा सबंध इंजिन खोलायला लावील. तेव्हा आवाज केवढा आहे याकडे लक्ष देण्यापेक्षा तो केव्हा येतो हे विचारावे. मुरलेले मिस्त्री आधी तेच पाहतात.

वायूचा ठोका ओझ्याखाली येतो. वरचा गिअर, कमी वेग, पाय दाबलेला, समोर चढ. अशा वेळी किणकिण होते आणि पाय काढताच थांबते. उभ्या गाडीचे इंजिन नुसते फुरफुरवून तो सहसा ऐकू येत नाही, आणि सौदे तर उभ्या गाडीवर होतात! आपली वसईची भूमी सपाट. समुद्रकाठच्या वाड्यांपासून स्टेशनापर्यंत गाडीला धाप लागेल असा चढ नाही. म्हणून गाडी घेताना वसई, नालासोपारा किंवा विरारच्या रेल्वेवरच्या पुलावर, घरातली तीन-चार माणसे बसवून, एक गिअर वरचा ठेवून चढवून पाहावी. ते जमत नसेल तर महामार्गाला लागून घोडबंदरच्या बाजूचा चढ आहेच.

दट्ट्या सिलिंडरमध्ये सैल झाला असेल तर आवाज सकाळी, इंजिन थंड असताना येतो आणि पाच-दहा मिनिटांनी दट्ट्या फुगला की मावळतो. म्हणून गाडी पाहावयास जाल तेव्हा मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवले आहे का, हे बॉनेटवर हात ठेवून पाहावे. तापलेले असेल तर चहा घ्यावा, गप्पा माराव्या, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी पहाटे यावे. याउलट कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, गॅरेजातले बिगेंड, झिजले असेल तर आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, कारण तापलेले ऑइल पातळ होते. तो खोल, घणासारखा असतो. आणि वेगात असताना पाय हलकेच सोडला की त्या क्षणी स्पष्ट ऐकू येतो. असा आवाज आला की बाकीची परीक्षा करण्याचे कारण नाही. क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा आवाज त्याहून जड, आणि बहुधा त्याच्या जोडीला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असतो. टॅपेटचा आवाज वरून, टिकटिक असा, इंजिनाच्या निम्म्या चालीने येतो. तो निरुपद्रवी, तासाभराचे काम.

कोणता सिलिंडर बोलतो हे शोधण्याची जुनी रीत फार सोपी होती. एकेका प्लगची वायर काढावयाची. ज्याची वायर काढल्यावर आवाज मवाळ होतो, त्याच सिलिंडरच्या रॉडचे बेअरिंग गेलेले. गजन पिन ढिली असेल तर उलट आवाज दुहेरी होतो. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या ब्लॉकला लावून मूठ कानाच्या हाडाशी धरणारे मिस्त्री आपण सर्वांनी पाहिले आहेत. डॉक्टरांच्या नळीपेक्षा ते साधन कमी शास्त्रीय आहे असे मला वाटत नाही. नव्या गाड्यांत मात्र वायर काढण्याच्या फंदात पडू नये. तेथे ते विजेच्या उपकरणांना मारक होते.

ठोका लपविण्याच्या युक्त्याही या शास्त्राचाच भाग आहेत. इंजिनात गिअरचे घट्ट ऑइल भरले की बेअरिंगचा आवाज आठ-पंधरा दिवस दबतो. काडी काढून थेंब बोटांत चोळून पाहिला तर मधासारखा जाडपणा जाणवतो. टायमिंग मागे घेतले असेल तर किणकिण जाते, पण गाडी ओढत नाही आणि फार तापते. गॅसवर चाललेल्या गाडीची गोष्ट आणखी निराळी. मुंबई उच्च न्यायालयातील धुराच्या दाव्यानंतर जुन्या टॅक्सी गॅसवर गेल्या; मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी रस्त्यावरून उतरली. गॅस सहसा ठोकत नाही आणि सावकाश जळतो, म्हणून मिस्त्री ठिणगी पुढे घेतात. तीच गाडी पेट्रोलवर घेतली की ठोकू लागते, आणि घेणारा इंजिन गेले म्हणून हबकतो. येथे दोष इंजिनाचा नसून टायमिंगचा असू शकतो. दोन्ही इंधनांवर चालवून पाहिल्याशिवाय मत देऊ नये. नंबराची पाटीही थोडे सांगते. एमएच-०१, ०२, ०३ म्हणजे मुंबईच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरात झिजलेले आयुष्य. किलोमीटरचा आकडा लहान असला तरी इंजिन पुष्कळ तास फिरलेले असते. एमएच-०४ किंवा आपली एमएच-४८ असेल तर निदान मालकाच्या शेजाऱ्याला विचारता येते.

डिझेलविषयी दोनच शब्द. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच, तेल आपणहून पेटण्यावरच ते चालते, म्हणून थोडी ठकठक हा त्याचा स्वभाव आहे. नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा येथल्या कोळी बांधवांना हे सांगावयास नको. बोटीत बसविलेले ट्रकचे जुने इंजिन लांबून ऐकून ते सांगतात की आवाज रोजचा आहे की परका. परका असेल तर बहुधा इंजेक्टर टपकत असतो. रोजचा आवाज कानात मुरलेला असणे, हे तेथे अर्धे निदान होय.

मद्यार्काचे पुढे काय झाले, हे सांगितल्याविना हा इतिहास अपुरा राहील. भारतात १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता, पण साखर कारखान्यांची मळी बहुधा दुसऱ्याच कामी लागली. २००३ पासून महाराष्ट्र व आणखी काही राज्यांत पेट्रोलात शेकडा ५ इथेनॉल मिसळण्याचा आरंभ झाला, आणि २०२५ मध्ये देशभर हे प्रमाण शेकडा २० वर पोचले. ऑक्टेनचा आकडा त्याने वाढतो, ठोका कमी होतो. म्हणजे १९२० च्या सुमारास जी वाट सोडली होती तिच्यावर आपण शंभर वर्षांनी आलो. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, म्हणून सरासरी थोडी उतरते. आणि जुन्या गाडीचे रबरी नळ व वॉशर त्याने फुगतात, चिरतात. जुनी गाडी घेणाऱ्याने तेलाची पाइप बोटांनी दाबून, वास घेऊन पाहावी.

शेवटी आजच्या गाड्यांकडे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इंजिनाच्या ब्लॉकवर एक बटणाएवढा कान बसविण्याची पद्धत सुरू झाली. ठोक्याची ती सहा-सात हजार कंपने त्याला ऐकू येतात, आणि संगणक त्याच क्षणी ठिणगी मागे घेतो. सुकाणूजवळचा तो जुना दांडाच हा, फक्त चालकाच्या हातातून गेलेला. त्यामुळे पंधरा वर्षांची गाडी भेसळीचे पेट्रोल पीत असली, सिलिंडरच्या माथ्यावर काजळीचे थर चढलेले असले, तरी ती ठोकणार नाही. नुसती सुस्त होईल आणि तेल अधिक खाईल. पूर्वी घेणारा ठोका ऐकून सावध होई, आता ठोका आतल्या आत विझतो. यावर उपाय आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतल्या पुष्कळ गॅरेजांत हातात मावणारा स्कॅनर असतो. तो गाडीला जोडून मिस्त्रीला शेजारी बसवावे, पुलाच्या चढावर पाय दाबावा, आणि ठिणगी किती अंश मागे गेली तो आकडा त्याला मोठ्याने वाचावयास सांगावा. मालकही त्या वेळी मागच्या बाकावर बसलेला असला तर उत्तम.